शांत घरात रडणारी चिट्टी

गद्वाल,
शनिवार दुपार

प्रिय अंडाळम्मावहिनी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तुम्ही हे पत्र न उघडताच आमच्या ह्यांच्या हातात परत द्याल, या धास्तीने वरचं नाव मी ह्यांच्याकडूनच लिहून घेतलंय. आता उघडलंच आहे तर फाडायच्या आधी वाचून घ्या. फोन मी दोनदा केला होता. दोन्ही वेळा तुम्ही ‘कोण?’ म्हणालात, मी नाव सांगितलं आणि पुढचा आवाज विष्णूचा आला. तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की मलाच आवरत नाही, फोनवर मी आणखी काहीतरी बोलून बसले असते. कागदावर निदान खोडता तरी येतं. किती खोडलंय ते दिसतच असेल तुम्हाला.

आधी नातीचं सांगते, कारण बाकी काही वाचायच्या आधी तुमचे डोळे तेच शोधणार. चिट्टी बरी आहे. आज तिला नऊ आठवडे पूर्ण झाले. वजन पाच किलोला थोडं कमी आहे. नाक तुमच्या घरचं आहे, हे मी मान्य करते, पण कपाळ आमचं. बारशाला विष्णूने तांदळात लिहिलेलं लांबलचक नाव कुणाच्याच तोंडात बसलं नाही, सगळे आपलं चिमुकली म्हणून चिट्टीच म्हणतात. आणि ती रडते. विष्णूने तुम्हाला काय सांगितलंय कोण जाणे. जावई माणूस, रविवारी येतो, तासभर ऐकतो आणि ‘थोडी किरकिरी आहे’ म्हणत परत जातो. थोडी नाही हो वहिनी. या पोरीने आमचं घर डोक्यावर घेतलं, आणि त्यात माझी लेक माझ्या हातातून निसटत चालली होती.

जन्मली तेव्हाचा तिचा पहिला टाहो ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून आनंदाने रडले होते. का, ते पुढे सांगते. तेव्हा काय माहीत होतं की हा टाहो थांबायचाच नाही. चौथ्या दिवशी घरी आणली आणि पाचव्या दिवशी सुरू झाली. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अंगात ताप नाही, कुठे मुंगी चावलेली नाही, तरी रडायची. सकाळी पायांवर घेऊन आंघोळ घातली, सांबराणीची धुरी दिली की तासभर डोळा लागायचा. उठली की जे सुरू व्हायचं ते दिवेलागण होऊन जाईपर्यंत. पाय पोटाशी ओढून, मुठी आवळून, सुकलेल्या मिरचीसारखी लाल होऊन. मधेच श्वास अडकल्यागत गप्प व्हायची आणि मग पुन्हा दुप्पट जोराने.

मी काय कमी शहाणी आहे? ओवा तव्यावर गरम करून पोट शेकलं. हिंग कालवून बेंबीभोवती लावला. मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, तर मिरच्या जळूनही ठसका आला नाही. म्हटलं, बघा, जबरदस्त लागली होती, आता उतरली. उतरली कसली, ती त्याच वेळी रडतच होती. दर्ग्यात नेऊन फुंकर घालून आणली, दंडात दोरा बांधला. वेखंड उगाळून चाटवला आणि त्याबद्दल डॉक्टरीणबाईंची भरपूर बोलणी खाल्ली. दूध सोडून थेंबभरसुद्धा काही तोंडात घालायचं नाही, असा त्यांनी दम भरला. पोटाला, छातीला, कानाला सगळीकडे तपासून त्या म्हणाल्या की बाळ ठणठणीत आहे, काही बाळं अशी रडतात आणि तीन महिन्यांच्या आसपास आपोआप थांबतात. तीन महिने! सांगणाऱ्याचं काय जातं?

मग आम्ही घर शांत करायला घेतलं. ही कल्पना माझी. लेकराचा डोळा लागत नाही याचा अर्थ आवाजाने दचकतंय, असा मी हिशेब केला. आमचे हे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ‘शांतता’ असं ओरडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते आता शांतता म्हणायलासुद्धा घाबरायला लागले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. फाटकाच्या कडीला चिंधी गुंडाळली. भाजीवाल्या बाईला सांगितलं की आमच्या दाराशी आली की हाक मारू नको, नुसती उभी राहा. कुकर मागच्या अंगणात नेला, टीव्हीवर गोधडी घातली, मिक्सर तर शेजारणीकडेच ठेवून दिला. हे आपल्याच घरात चोरासारखे चवड्यांवर चालायचे आणि एक दिवस असेच चालताना चटईत पाय अडकून पडले, तर ओरडायच्या ऐवजी तोंडावर हात ठेवून तसेच पडून राहिले. सुई पडली तर ऐकू यावी असं घर झालं आणि त्या घरात एकटी चिट्टी रडायची. जितकं घर गप्प, तितकी ती जास्त.

स्रवंतीचं मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण लिहवत नाही. तुमच्या घरून आणली तेव्हा ती कशी होती ते तुम्हाला ठाऊक आहे, गालावर तेज, तोंडाला क्षणाची उसंत नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत तिने बोलणंच सोडलं. लसूण-तिखटाचं कारम घालून ऊन भात पुढे ठेवला की दोन घास खायची आणि ताट सरकवायची. केस विंचरायला बसवली तर मधेच उठून जायची. रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. एका दुपारी चिट्टीला तिने माझ्या मांडीवर ठेवलं, अगदी एखादी वस्तू परत करावी तसं आणि म्हणाली, “अम्मा, हिला मी आवडत नाही. हिला दुसरी कुणीतरी आई हवी होती.” मी रागावले, असं अभद्र बोलू नये म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. पोरीला काही झालं तर, हा एकच विचार डोक्यात. चिट्टीच्या रडण्याची भीती संपून मला स्रवंतीच्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली.

आणि या सगळ्या दिवसांत तुम्ही नव्हतात. नसणारच. सीमंताच्या, डोहाळजेवणाच्या दिवशी मी तुमच्या ओट्यावर जे केलं, ते कुणी माझ्या ओट्यावर केलं असतं तर मी त्या घराचं पाणी प्यायले नसते. तुम्हाला ते शब्द पाठ असतील, मलाही आहेत, तरी लिहिते. कारण मी विसरले असं तुम्हाला वाटायला नको. ओटा बायकांनी भरलेला, स्रवंतीचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी गच्च, तुम्ही पहाटे उठून स्वतः केलेला चिंचेचा पुळिहोरा भात पंक्तीत वाढायला निघालेला. मी पाणी प्यायला आत गेले आणि पाहिलं की सकाळीच भरलेल्या सुताच्या कांड्या तुमच्या खड्ड्यातल्या हातमागाशेजारी पडल्यात आणि तिथे माझ्या लेकीचा बसायचा पाट आहे, उशी आहे, पाण्याचा तांब्या आहे. पोटुशी पोरीला मागावर राबवतायत असं वाटून माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, “माझ्या लेकीला तुम्ही खड्ड्यात घातलंत. हा मागाचा खड्डा या घरात आहे तोवर तिचं लेकरू या उंबऱ्याच्या आत यायचं नाही.” तुम्ही हातातलं भांडं खाली ठेवलंत आणि आत गेलात. एक अक्षर बोलला नाहीत. मी लेकीला घेऊन त्याच दुपारी गाडीत बसले आणि जिंकून आल्यासारखी बसले. स्रवंती वाटभर खिडकीबाहेर बघत होती.

आता त्या मंगळवारचं. चिट्टी तेव्हा सहा आठवड्यांची होती. डॉक्टरीणबाईंनी स्रवंतीलाही घेऊन या, मला तिच्याशी बोलायचंय, असं सांगितलं होतं. आम्ही तिघी रिक्षात. मोठा रस्ता खणून ठेवलेला, म्हणून रिक्षावाल्याने गाडी जुन्या गावातून, विणकरांच्या गल्लीतून घातली. या गल्लीत मी गेली कित्येक वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. टाळायचेच म्हणा ना. गल्लीच्या मध्यावर कुणीतरी हिरव्या सुताचा ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला आणि नवराबायको दोन्ही बाजूंनी कुंचल्याने त्याला खळ लावत होती. ताणा ओला असताना कुणी ओलांडत नाही, हे रिक्षावाल्यालाही ठाऊक होतं. त्याने गाडी बंद केली आणि तंबाखू मळायला घेतली. चिट्टी माझ्या मांडीवर आकांत करत होती. मी त्या नवराबायकोला मनातल्या मनात लाखोली वाहत होते की पसरायला हाच मुहूर्त सापडला का. आणि एकदम मला जाणवलं की मला माझ्याच मनातले शब्द स्पष्ट ऐकू येतायत.

वहिनी, मी आधी तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. डोळे सताड उघडे, मुठी सुटलेल्या, मान एका बाजूला कलती करून ती काहीतरी ऐकत होती. दोन्ही बाजूंच्या घरांतून माग चालू होते. मी मात्र काय म्हणाले असेन? म्हणाले, मोकळ्या हवेने बरं वाटलं पोरीला. विणकराची लेक मी, आणि एवढी बुद्धी चालली माझी. ताणा गुंडाळला गेला, रिक्षा निघाली, गल्लीचं वळण आलं आणि चिट्टीने पुन्हा तोंड वासलं. तेव्हा सकाळपासून एक शब्द न बोललेली स्रवंती पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, “अण्णा, गाडी मागे घे.” त्याला वाटलं काही पडलं. ती म्हणाली, काही पडलं नाही, मागे घे.

ज्या घरासमोर उतरलो ते ईश्वरम्मा नावाच्या बाईचं. ओळख ना पाळख. पाणी मागायचं निमित्त केलं. बाळंतीण आणि तान्हं लेकरू दारात बघून त्या बाईने माग थांबवला, खड्ड्यातून वर आली, हात पुसले, पाणी दिलं. पाहुणा आला की माग थांबवायचा, ही आपल्या लोकांची रीत, माझी आईही करायची. माग थांबला आणि चिट्टी रडायला लागली. मी ओशाळून सांगायला लागले की ही अशीच आहे, डॉक्टर, दर्गा, सगळं करून झालं. ईश्वरम्माने माझं निम्मंच ऐकलं. आपलेच लोक ना तुम्ही, म्हणाली, मग एवढं कसं कळत नाही? माझी चार पोरं माग चालू असेपर्यंत झोपायची आणि माग थांबला की उठायची. तेवढं बोलून ती परत खड्ड्यात उतरली. पावड्यांवर पाय पडले, धोटा पळाला, फणीचा ठोका बसला. स्रवंती जमिनीवर खांबाला टेकून बसली, चिट्टीला मांडीवर आडवी घेतली आणि मागाच्या ठोक्याने ती जमीन जशी हलायची तशी चिट्टीची हनुवटी हलायची. पाच मिनिटांत झोपली. खोटं वाटेल तुम्हाला, पण थोड्या वेळाने बघते तर स्रवंतीही बसल्या बसल्या झोपलेली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. मी दवाखाना विसरले. सव्वा तास त्या परक्या ओट्यावर मी दोघींच्या तोंडावरच्या माश्या वारत बसले. दवाखान्यात आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो आणि डॉक्टरीणबाईंनी स्रवंतीला आत एकटीला बसवून बराच वेळ बोलतं केलं. आता दर आठवड्याला बोलावतात, ती जाते.

त्या मंगळवारी उठल्यावर लेक माझ्याशी बोलली. भांडली म्हणा. सहा आठवड्यांचं एकदम बोलली. म्हणाली की पाचव्या महिन्यानंतर अत्तम्मांनी, म्हणजे तुम्ही, मला खड्ड्यात पाय घालू दिला नाही. मीच हट्टाने शेजारी बसायचे, कांड्या भरायचे. कारण पोटातली ही लाथा मारून मारून मला हैराण करायची आणि माग सुरू झाला की निवांत व्हायची. अत्तम्मा हसायच्या, म्हणायच्या, बघ, आतापासून ठोका ओळखते. तो पाट, ती उशी, तो तांब्या, सगळं अत्तम्मांनी माझी कंबर धरते म्हणून मांडलेलं. मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललीस? आणि तुझ्या सासूने तरी तोंड का नाही उघडलं? तर म्हणाली की त्याच दिवशी मी अत्तम्मांचा हात धरून सांगितलं होतं, आता काही बोलू नका. अम्मा एकदा बोलली की मागे येत नाही, चारचौघींत तिला खोटं पाडलंत तर ती मला कायमची तोडेल.  म्हणजे तुम्ही माझा शब्द गिळलात तो माझ्या लेकीचं माहेर राखायला. आणि इतके दिवस त्या मुक्या घरात तिला नेमकं ठाऊक होतं की चिट्टीला काय हवंय. पण आमच्या घरात मागाचं नाव काढायचं नाही अशी मी शपथ घालून ठेवलेली, म्हणून ती ओठ शिवून बसली होती. मीच माझ्या लेकीचं तोंड बंद केलं आणि मग ती बोलत का नाही म्हणून नवस बोलत बसले.

नंतर आम्ही घरी काय काय प्रकार केले ते ऐकाल तर हसाल, आणि तुम्ही हसलात तर मला आवडेल. ह्यांनी ईश्वरम्माचा माग मोबाईलवर घेतला आणि चिट्टीच्या झोळीखाली लावून ठेवला. दोन मिनिटं तिने कान दिला आणि मग फसवलं म्हणून जी चिडली की विचारू नका. मी लाकडी पाटावर लाटण्याने ठोका धरला, तर हे म्हणाले की हे ऐकून मलाच रडू येतंय. शेवटी सगळं सोडलं. घड्याळात सेल घातला, कुकर आत आणला, मिक्सर परत घेतला. रोज तीनच्या सुमारास आम्ही ईश्वरम्माकडे जातो. ती आता आम्हाला बघून माग थांबवत नाही, मानेनेच ‘या’ म्हणते. चिट्टी अजून रडते, अगदी बंद झालंय असं नाही, पण तासाभराने थांबते आणि मधे हसतेसुद्धा. डॉक्टरीणबाईंना मी मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोटात ऐकलेला आवाज ओळखीचा वाटत असेलही, पण आई निवांत झाली की बाळही होतं आणि रडायचं वयही आता सरत आलंय. या तिन्हींतलं काय खरं ते त्यांचं त्या बघोत. मला दिसतं ते एवढंच की माझी लेक परवा ताटातलं संपवून आणखी भात मागत होती.

आता माझं सांगते. हे मी ह्यांनाही कधी धड सांगितलं नाही. माझ्या आईला माझ्यामागे एक मुलगा झाला. मी तेव्हा नऊ वर्षांची. कळा येईपर्यंत ती मागावर होती. लेकरू जन्मलं आणि रडलं नाही. नऊ दिवस जगलं, नऊ दिवसांत त्याचा आवाज म्हणून मी ऐकला नाही. झोळीची दोरी माझ्या हातात असायची आणि पलीकडे माझे वडील विणत असायचे. कारण सणाचा माल द्यायचा होता. गावात दवाखाना नव्हता, गाडीची वाट नव्हती, हे मला मोठी झाल्यावर कळलं. नऊ वर्षांच्या पोरीला राग धरायला समोर मागच होता. तो मी धरला आणि सोडलाच नाही. म्हणून मास्तराशी लग्न केलं. म्हणून लेकीला कधी सुताला हात लावू दिला नाही. विष्णू कचेरीत नोकरीला आहे, टेबलाशी बसतो, म्हणून तुमचं स्थळ पसंत केलं. घरात विधवा सासू आहे आणि तिचा एक माग आहे, ती आता थकली, आज ना उद्या बंद करेल, असं मी धरून चालले. त्याच मागावर तुम्ही एकटीने विष्णूला वाढवलंत, हे मला दिसत होतं, पण मी बघितलं नाही. आणि माझी पोरगी तिथे जाऊन वर्षभरात काठ विणायला शिकली. सुट्टीत घरी आली की अत्तम्मांनी हे दाखवलं, अत्तम्मा असं म्हणाल्या, दुसरं बोलणं नाही. मला मत्सर वाटला, वहिनी. सीमंताच्या दिवशी मी खड्ड्यावर ओरडले, पण त्यात निम्मं हेच होतं. तुमची माफी मागते. चारचौघींत बोलले होते, तेव्हा तुम्ही म्हणाल तेव्हा त्याच ओट्यावर चारचौघींत मागेन.

ही सगळी हिंमत आज का आली तेही सांगते. मागच्या रविवारी निघता निघता विष्णू मोठ्या आनंदाने सांगून गेला की आता तुम्हाला काळजी नको, माझ्या अम्माने मागाचं लाकूड उतरवून भिंतीला लावलंय, सीमंतापासून ती त्यावर बसलीच नव्हती, आणि पुढच्या सोमवारी, म्हणजे आता परवाच, मातीच्या दोन गाड्या येतायत, खड्डा बुजवून वर फरशी घालणार, म्हणजे चिट्टीला घरी आणायला अडचण उरणार नाही. बिचाऱ्याला वाटलं मी खूश होईन.  आठवडाभर मी हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आज मात्र ह्यांना दुपारच्या बसने तुमच्याकडे धाडतेय, पत्र तुमच्याच हातात द्यायचं असं बजावून. वहिनी, माती परत पाठवा. तो खड्डा बुजवू नका. लाकूड पुन्हा चढवा, पांढरं, रंगीत, काय सूत हाताशी असेल ते ताण्याला लावा. आम्ही गुरुवारी येतो आहोत, तिसरा महिना पुरा व्हायची वाट न बघता, मी, स्रवंती आणि तुमची नात. सून पहिल्यांदा लेकरू घेऊन येते तेव्हा सासूने दाराशी यायचं असतं, लाल पाण्याने ओवाळायचं असतं, हे मला माहीत आहे. शेजारच्या कुणालाही सांगा ओवाळायला. तुम्ही दाराशी येऊ नका. आम्ही गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरू, तिथून चिट्टीला ऐकू यायला हवं. आम्ही आत आलो, तुमच्याजवळ येऊन बसलो, तरी मागावरून उठू नका.

तुमचीच,
कनकरत्नम